मागील मालकाकडील उत्पन्न

अंबडच्या कंपनीत पहिल्या दिवशी
बूट मिळाले, कँटीनचं कार्ड मिळालं
आणि एक फॉर्म.
खैरनार मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत द्या.
मग नाव वाचून हसल्या :
पगारे, आणि पगाराचाच फॉर्म कोरा?
हा विनोद मी सातपूरला सहा वर्षं ऐकला.
त्याच्यावर अजून कर नाही.

पॅन कार्ड काढलं.
चौथं अक्षर पी. म्हणजे व्यक्ती.
कंपनी नाही, ट्रस्ट नाही, नुसतं माणूस.
पाचवंही पी. म्हणजे पगारे.
इतकी वर्षं पर्समध्ये घेऊन हिंडतेय,
आज कळलं,
इथे आधी माणूस लिहिलंय, मग आडनाव.
आमच्या गावी, येवल्याकडे,
आधी आडनाव विचारायचे.
माणसाचं नंतर बघू.

पुढचा रकाना : करप्रणाली जुनी की नवी?
मॅडमनी विचारलं, राहता कुठे?
सिडकोत.
मग सोपं आहे, म्हणाल्या.
जुनी म्हणजे जुनं नाशिक.
भद्रकालीतून आत शिरायचं,
विम्याचा बोळ, भाड्याचा बोळ,
आईच्या औषधपाण्याचा एक जिना,
पलीकडे निघालात तर फायद्यात,
पण प्रत्येक वळणावर पावती दाखवा.
नवी म्हणजे तुमचं नवीन नाशिक.
पहिली स्कीम, दुसरी स्कीम, सहावी स्कीम,
सरळ रस्ते, आडोसा नाही.
ऊन लागतं, पण माणूस चुकत नाही.

मॅडम, मी सिडकोत चुकलेय.
सगळी घरं सारखीच.

रविवारी दोन्ही हिशेब करायला बसले.
घरमालक गांगुर्डेकाकांनी
भाड्याच्या बाराही पावत्यांवर सह्या ठोकल्या,
न उजाडलेल्या महिन्यांसकट.
पॅन नंबर विचारला
तेव्हा त्यांना ऐकू येईनासं झालं.
मग मी नवीवर खूण केली.

पावत्यांवर डकवायची तिकिटं तशीच उरली.
अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
अठ्ठावीस वर्षं असलीच तिकिटं मोजत.
दिवसभर लाखो हातांखालून जायची,
संध्याकाळी गेटवर झडती, खिसे उलटे.
पहिल्यांदा त्यांच्या पगारातून कर कापला गेला
तेव्हा काय वाटलं, मी फोनवर विचारलं.
बराच वेळ टीव्हीचाच आवाज.
मग म्हणाले,
कापण्याइतका झाला, असं वाटलं.

राहिला शेवटचा रकाना :
मागील मालकाकडील उत्पन्न.
मालक.
हा शब्द कुणी लिहिला असेल,
आणि त्याला कधी कुणी मालक होता का?

शेजारच्या टेबलावरचा निकुंभ म्हणाला, सोडून द्या.
तिकडचे सहा महिने त्यांनी मोजले,
इकडचे सहा हे मोजतील,
दोघांनाही तुम्ही करमुक्त दिसाल.
खरं होतं त्याचं.
फक्त जुलैमध्ये ते दोन करमुक्त अर्धे
एकमेकांना भेटतात
आणि त्यांची एक अख्खी करपात्र बाई होते,
जिच्याकडे तेव्हा भरायला पैसे नसतात.
हे निकुंभला कसं ठाऊक, विचारलं.
तो डबा उघडायला लागला.

मी सातपूरचा आकडा लिहिला.
सहा महिन्यांचा, रुपये, पैसे शून्य शून्य.
तिथल्या रात्रपाळ्या,
न दिलेली बढती,
निघताना प्रमिलाने हातात कोंबलेली चिवड्याची पुडी,
यांना रकाना नव्हता.

पहिला पगार झाला.
घरी सांगितला होता त्यापेक्षा कमी.
अण्णांना स्लिपचा फोटो पाठवला,
त्यांनी कापलेल्या ओळीभोवती
बोटानं एक वेडंवाकडं वर्तुळ काढून परत पाठवला.
बाकी काही नाही.

घरी येताना त्रिमूर्ती चौकात
स्कूटर खड्ड्यात आपटली.
कर केंद्राचा, खड्डा महापालिकेचा,
मॅडम लगेच सांगतील.
तरी मी उतरले,
आणि त्याच्याकडे
जरा हक्कानं बघितलं.